थंडी, डोंगर आणि आपण बायका

(उत्रोली, ता. भोर येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा शब्दांकित भाग आहे. दुसऱ्या दिवशी रोहिडा किल्ल्यावर जायचे असल्याने बोलण्याचा रोख व्यवहाराच्या गोष्टींवर होता.)

मैत्रिणींनो,

पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'हिवाळ्यातील डोंगरभटकंती व उघड्यावरील मुक्काम : नवशिक्यांसाठी धडे' असा छापला आहे. तो वाचून आपल्यातल्या एक मावशी मघाशी म्हणाल्या, "अगं, थंडीत उघड्यावर झोपायला धडे कशाला लागतात? गरिबाला ते आपोआप येतंच." मावशींनी माझं निम्मं भाषण एका वाक्यात केलं, म्हणून तिथूनच सुरू करते.

आपण बसलोय ते नीरेचं खोरं. इथून जवळच वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण आहे. त्याचं पाणी खाली कालव्यांनी बारामती-फलटणकडे जातं आणि त्या पाण्यावर ऊस उभा राहतो. तो तोडायला बीडकडून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला माणसं येतात. नवराबायको मिळून 'एक कोयता'. चार-पाच महिने ती माणसं पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोपीत राहतात. कोपीतली बाई पहाटे तीन-चारला उठते, उघड्यावर गार पाण्यात हात घालते, भाकऱ्या करते आणि दवानं ओल्या झालेल्या फडात शिरते. साडी गुडघ्यापर्यंत भिजते आणि अंगावरच वाळते. हे कडाक्याच्या थंडीतलं कॅम्पिंगच आहे, फक्त त्याला कुणी साहस म्हणत नाही आणि त्याचे फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. डोंगरात सरपणाला जाणाऱ्या बायकांचंही तसंच. डोक्यावर मोळी घेऊन त्या ज्या वाटेनं उतरतात, त्याच वाटेवर शहरातली मुलं काठ्या टेकत हळूहळू चढत असतात.

मग आपण मुद्दाम कशाला जायचं? मला विचाराल तर याचसाठी, की आजवर बाई डोंगरात गेली ती कामासाठी, नवसासाठी नाहीतर मुलासाठी. रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट घ्या. दरवाजे बंद झाले म्हणून ती रात्री कडा उतरून गेली, आणि तिच्या नावाचा बुरूज झाला असं आपण ऐकत आलो. तिचं धाडस मोठंच. पण घरी तान्हं बाळ नसतं आणि कोजागिरीचं चांदणं बघायला म्हणून ती कडा उतरली असती, तर बुरूज सोडा, घरात घेतली असती का? बाईनं स्वतःच्या आनंदासाठी डोंगरावर जावं, रात्री उघड्या आभाळाखाली झोपावं, आणि सकाळी कुणाचा चहा न टाकता सूर्य बघावा, ही मागणी दिसते छोटी. घरी मांडून बघा म्हणजे केवढी मोठी आहे ते कळेल.

बाहेरच्या जगातही हे सोपं गेलेलं नाही. जपानच्या जुन्को ताबेई यांनी १९६९ मध्ये फक्त स्त्रियांचा गिर्यारोहण क्लब काढला. एव्हरेस्टसाठी पैसे मागायला गेल्या तेव्हा त्यांना 'घरी बसून मुलं सांभाळा' असं ऐकवलं गेलं. त्यांनी आणि मैत्रिणींनी मोटारीच्या सीटच्या जुन्या आवरणांतून पाणी न शिरणारे हातमोजे शिवले, पिसं आणून स्लीपिंग बॅगा घरी तयार केल्या. १६ मे १९७५ रोजी ताबेई एव्हरेस्टवर पोचल्या, जगातली पहिली स्त्री. घरी त्यांची लहान मुलगी होती. आपल्याकडे बचेंद्री पाल १९८४ मध्ये पोचल्या, आणि इथून शेजारच्या साताऱ्याची प्रियंका मोहिते २०१३ मध्ये. २०२१ मध्ये ती अन्नपूर्णा शिखरावरही चढली. ही नावं मी 'तुम्हीही एव्हरेस्ट चढा' म्हणून सांगत नाही. मला त्यातलं शिवणकाम महत्त्वाचं वाटतं. गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या मुलखात दुकानातल्या महागड्या सामानावाचून आपलं अडलं, असं म्हणायला मी तयार नाही.

आता थंडीकडे वळू.

थंडी 'आत शिरते' असं आपण म्हणतो, पण खरं पाहता आपली ऊब बाहेर जाते. ती चार वाटांनी जाते. वाऱ्यानं जाते, ओल्या कपड्यानं जाते, खालच्या गार जमिनीत जाते, आणि निरभ्र रात्री उघड्या आभाळाकडे जाते. या चार वाटा डोक्यात ठेवल्या की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत, तुम्हीच काढू शकता.

वाऱ्याचं बघा. पारा ५ अंशांवर आहे आणि ताशी ३० किलोमीटर वारा सुटलाय, तर उघड्या कातडीला ते जवळपास शून्य अंशासारखं लागतं. गडाच्या माथ्यावर, खिंडीत असा वारा नेहमीचा आहे. उंचीचंही आहे: साधारणपणे हजार मीटर चढलं की साडेसहा अंश उतरतात. रोहिडा भोरपेक्षा सुमारे ५०० मीटर उंच, म्हणजे दिवसा तिथं तीनेक अंश कमी धरा. पण पहाटे कधीकधी हे गणित उलटं होतं. गार हवा जड असते, ती रात्री डोंगरउतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि खोलगट जागेत साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्याला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या याच कारणानं. गावात तेवढी थंडी नसते, पण तळ्याकाठच्या सखल भागात गवतावर पांढरा थर दिसतो. पुण्यातही जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हा 'आपल्याकडे कुठली एवढी थंडी' असं म्हणू नका. तंबू लावायची जागा यावरून ठरते: ओढ्याकाठचा खळगा नको, माथ्याची कडही नको. मधल्या उतारावरची, मागे झाडीचा किंवा तटाचा आडोसा असलेली, सकाळचं ऊन लवकर मिळणारी सपाट जागा बघायची. वर मधमाश्यांची आग्या पोळी आहेत का तेही आधीच बघून ठेवा. अशा ठिकाणी धूर करायचा नाही, अत्तर लावायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही.

ओल्या कपड्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नवशिक्या बायकांना त्रास होतो तो इथंच. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं ऊब ओढून घेतं. आपण चढ चढताना घामानं भिजतो, माथ्यावर थांबतो, वारा लागतो आणि दहा मिनिटांत हुडहुडी भरते. म्हणून निघताना जरा थंडी वाजेल इतकेच कपडे घालायचे. स्वेटर घालून चढायला सुरुवात केली तर पहिल्याच वळणावर काढावा लागतो, आणि लाजेखातर काढला नाही तर आतला कपडा चिंब होतो. थांबल्यावर आधी स्वेटर चढवायचा, फोटो मग. सुती कपडा घाम पितो आणि धरून ठेवतो. अंगालगत पातळ सिंथेटिक बनियन किंवा खेळाडूंचा टी-शर्ट, त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारं काहीतरी, पावसाळी जाकीट चालेल, अशा तीन थरांनी जे होतं ते एका जाड कोटानं होत नाही. दोन थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब देते.

साडीचं विचाराल. काष्टा मारून नऊवारीत बायका डोंगर चढत आल्या आहेत, तेव्हा साडीत जमत नाही असं मी म्हणणार नाही. पण दवाच्या गवतातून पाचवारीचा घोळ भिजतो आणि ओल वर चढते. सलवार किंवा सैल पँट बरी. ज्यांच्या घरी यावरून वाद होईल त्यांनी आतून घालून यावी. गावाबाहेर पडल्यावर काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. (हसू नका, आपल्यातल्या निम्म्याजणी कॉलेजात हेच करत होत्या.)

रात्रीसाठी एक कोरडा जोड वेगळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. त्याला दिवसभर हात लावायचा नाही. झोपताना पायमोजे बदलायचेच, मग कालचे कोरडे 'वाटत' असले तरी.

आता जमीन. पांघरुणावर सगळ्यांचं लक्ष असतं, अंथरुणाकडे कुणाचंच नसतं. अंगाच्या भारानं खालचं अंथरूण चेपतं, त्यातली हवा जाते आणि रात्रभर जमीन ऊब ओढत राहते. दोन गोधड्या असतील तर नवशिकी दोन्ही अंगावर घेते. तुम्ही एक खाली घाला. हा तर भाताचा मुलूख आहे, पेंढ्याला तोटा नाही. खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर वीतभर पेंढा, त्यावर घोंगडी. असं अंथरूण दुकानातल्या चटईपेक्षा उबदार होतं. सकाळी पेंढा ज्याचा त्याला परत द्यायचा. धनगराची घोंगडी जड असते, टोचते, पण लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. पाठीवर घेऊन चढणं मात्र कठीण, म्हणून चौघींत एक न्या.

आभाळाच्या वाटेला साधा उपाय: डोक्यावर छप्पर, निदान झाडाची फांदी, आणि कानटोपी. तोंड मात्र गोधडीत घालू नका. श्वासाची ओल आत साचते आणि पहाटे तीच गार लागते. तंबूचंही तेच, दाराची फट थोडी उघडी ठेवायची.

याच जागी एक धोक्याची गोष्ट सांगते. शेगडी, कोळसे, स्टोव्ह बंद तंबूत किंवा बंद खोलीत न्यायचे नाहीत. विझत आलेले निखारेसुद्धा नाहीत. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो आणि माणूस झोपेतच जातो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं थकव्यासारखी वाटतात म्हणून कुणी उठत नाही. घरातही बाळंतिणीच्या खोलीत आपण शेगडी ठेवतो. खिडकी उघडी आहे का, हे घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी विचारलं पाहिजे. ऊब हवी असेल तर उकळलेलं पाणी स्टीलच्या बाटलीत घट्ट बंद करा, ती पायमोज्यात घाला आणि पोटाशी घेऊन झोपा. सकाळी तेच पाणी प्यायला होतं.

खाण्याचं आपल्याला कुणी शिकवायला नको. बाजरी, तीळ, गूळ, शेंगदाणे, थोडं तूप हे थंडीचं जेवण आपल्या आज्यांनी ठरवून ठेवलेलं आहे. झोपण्याआधी मूठभर शेंगदाणे-गूळ खाल्ले तर अंग रात्रभर तापत राहतं. प्रश्न वेगळाच आहे: डोंगरावर गेल्यावर कोण शिजवणार? मिश्र गटांच्या सहली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पुरुष तंबू लावतात, शेकोटी पेटवतात, नकाशा बघतात आणि बायका पिठलं घोटतात. घरची चूल पाठीवर घेऊन गड चढायचा असेल तर घरीच राहिलेलं बरं. तंबू लावायला, वाट काढायला, ओझं वाटून घ्यायला प्रत्येकीनं शिकायचं, आणि सोबत पुरुष असतील तर पिठलं त्यांनी करायचं. रायरेश्वरावर वस्तीतल्या घरी जेवण सांगणार असू, तर तिथल्या बाईच्या कष्टाचे पैसे ठरवून, तिच्याच हातात द्यायचे.

पाण्याचं बोलायचं म्हणजे लघवीचं बोलावं लागतं. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, का ते सगळ्यांना ठाऊक आहे. जागा नाही, आडोसा नाही, कुणी बघेल. डोंगरातही तेच करतात. थंडीत तहान कमी लागते, त्यामुळे ते खपूनही जातं. पण पाणी कमी पडलं की हातापायांचं रक्त आटल्यासारखं होतं, थंडी जास्त लागते, डोकं दुखतं, आणि लघवीची जळजळ घेऊन घरी यावं लागतं. रात्री लागलेली लघवी दाबून धरली तर झोप येत नाही आणि कुडकुडणंही थांबत नाही. तेव्हा नियम असा: दोघीदोघींची जोडी आधीच ठरवायची, बॅटरी उशाशी, आणि जोडीदारणीला उठवायला संकोच करायचा नाही. उठवल्याबद्दल कुरकुर करेल तिनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांची भांडी घासायची. संडाससाठी पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब, वीतभर खड्डा, वरून माती. टाक्याजवळ काही करायचं नाही. गडावरच्या टाक्याचं पाणी मागून येणारी बाईही पिणार आहे.

पाळीचंही बोलू. पाळीत डोंगर चढता येतो. पोट दुखत असेल तर नाही चढायचं, एरवीही दुखत असेल तर नाही चढत. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी परत खाली. तिथं पुरायचे नाहीत, कुत्री उकरतात. मुक्काम देवळात असेल तर 'कुणाला अडचण आहे का' हा प्रश्न ठरलेला. माझं मत स्पष्ट आहे. आपल्या गटात कुणीही कुणाची तारीख विचारणार नाही. गावकऱ्यांच्या भावनेचा प्रश्न येणार असेल तर सगळ्याजणी मिळून तंबूत झोपू. एकीला वेगळं बसवून बाकीच्यांनी देवळात झोपायचं, असं होणार नाही.

आणखी एक गोष्ट आरोग्याच्या कार्यकर्त्यांसाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. अंगात लोह कमी असेल तर शरीराला ऊब राखणं जड जातं. म्हणून 'मलाच एवढी थंडी का वाजते' असं म्हणणारीला नाजूक म्हणून हसू नका, तिचं रक्त तपासून घ्या. चढावर दोन पावलांत धाप लागत असेल तर डोंगर थांबेल, आधी गोळ्या सुरू करा. पाठीवरच्या ओझ्याचंही तसंच, सगळ्यांचं सारखं नसतं. अंगानं लहान, अशक्त बाईकडे कमी द्यायचं.

थंडी अंगात उतरली हे कसं ओळखायचं? शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की धोका सुरू होतो. आधी थरथर. मग बोटं चालत नाहीत, गुंडी लागत नाही. बोलताना जीभ जड होते, पाय अडखळतात, बाई गप्प होते, 'मला इथंच बसू द्या' म्हणते. आणि मग थरथर थांबते. तेव्हा 'बरं वाटलं' असं समजू नका, ते बिघडल्याचं लक्षण आहे. तिला वाऱ्याआड न्या, ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, खाली जाड अंथरा, डोकं झाका. दुसरीनं तिच्या अंगाला अंग लावून गोधडीत झोपा. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधायची पद्धत १९७८ मध्ये बोगोटाच्या दवाखान्यात सुरू झाली आणि जगभर गेली, तत्त्व तेच आहे. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पाणी द्या. हातपाय चोळायचे नाहीत, एकदम आगीजवळ बसवायचं नाही, दारू अजिबात नाही. दारूनं ऊब वाटते, पण खरं तर ती अंगातून जात असते. १०८ ला फोन करा, आणि फोन लागत नसेल तर दोघींना खाली पाठवा, एकटीला नाही.

आपल्या सह्याद्रीत बर्फ नाही म्हणून हे लागू नाही असं वाटेल. लक्षात ठेवा, जून २०२४ मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातले ९ जण वादळात आणि थंडीत सापडून गेले. वारा, ओल आणि थकवा एकत्र आले की महिना कुठला ते बघत नाहीत. तुमच्या मुली हल्ली डिसेंबरात केदारकांठ्याला वगैरे जायचं म्हणतात, जाहिरात बघून पैसे भरतात. जाऊ द्या त्यांना. फक्त सोबत कोण आहे, हवा बिघडली तर मागे फिरायचं कोण ठरवणार, गटात किती बायका आहेत, आणि त्रास देणाऱ्या माणसाबद्दल तक्रार कुणाकडे करायची, हे चार प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायला सांगा. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याबरोबर नाही जायचं.

मागे फिरण्याचा निर्णय आपल्या गटातही आधीच ठरवू. दुपारी ठरलेल्या वेळी जिथं असू तिथून परत. सगळ्यात हळू चालणारी पुढे राहील, तिच्या चालीनं सगळ्याजणी चालतील. ती मागे राहिली की बाकीच्या तिची वाट बघत विसावा घेतात आणि ती पोचली की लगेच निघतात, म्हणजे जिला विसाव्याची गरज आहे तिलाच तो मिळत नाही. सभांमध्येही मी हे पाहिलेलं आहे, पण तो आजचा विषय नाही.

उद्याचं सांगते. बाजारवाडीतून चढायचं, सव्वा-दीड तासाची वाट आहे. दुसऱ्या दरवाज्याजवळ पाण्याचं टाकं आहे, तरी प्रत्येकीनं दोन लिटर पाणी घरून आणायचं. उद्या मुक्काम नाही. रात्रीची सवय आधी अंगणात करायची: पुढचे पंधरा दिवस एक-दोन रात्री घराच्या ओट्यावर नाहीतर गच्चीवर, पेंढा घालून झोपून बघा. काय कमी पडतं ते तिथं कळेल, आणि घरचे काय म्हणतात तेही. रायरेश्वरचा मुक्काम त्यानंतर. तिथं शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत, वर पठार मोकळं आहे आणि वारा अडवायला फारसं काही नाही, तेव्हा तयारी करूनच जायचं. संरक्षित गडांवर रात्री राहायला परवानगी आहे की नाही, हे प्रत्येक वेळी आधी विचारायचं.

निघताना घरी 'विचारू' नका, 'सांगून' या: कुठं जातोय, कुणाबरोबर, कधी परत. तेवढी माहिती पुरुषानंही द्यायला हवी, ती सुरक्षेसाठी असते. लहान मुलं असतील त्यांची सोय उत्रोलीच्या मैत्रिणींनी केली आहे. उद्या न येणाऱ्या तिघी इथं थांबून मुलं बघणार आहेत, आणि पुढच्या वेळी त्या येतील तेव्हा आपल्यातल्या तिघी थांबतील. नावं आजच लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी सगळ्यांनाच काम निघतं.

सकाळी सहाला इथंच जमायचं. आता विचारा काय विचारायचं ते. मागच्या कोपऱ्यातल्या ताई मघापासून हात वर करून बसल्या आहेत.